आठ दिवस एरंडवण्यात: प्रभात रोडच्या गल्लीत सुट्टी काढायची तर

गेल्या डिसेंबरात माझी मावसबहीण नागपूरहून सहकुटुंब आठ दिवसांसाठी पुण्यात आली. आमचं घर दोन खोल्यांचं, म्हणून प्रभात रोडच्या एका गल्लीत जुन्या बंगल्याचा वरचा मजला त्यांच्यासाठी घेतला होता. तिसऱ्या दिवशी दुपारी अडीचला तिचा फोन. "ताई, कढीसाठी पावभर दही मिळेना गं इथे! कोपऱ्यावरचं दुकान बंद, रस्त्यावर चिटपाखरू नाही. खालच्या काकूंना विचारावं म्हणून बेल वाजवली, तर दार उघडून त्यांनी आधी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे."

सहाव्या दिवशी याच बहिणीने शनिवारवाडा रद्द केला. सकाळी टेकडीवरून यायला उशीर झाला होता आणि जेवणानंतरची झोप कुणाला मोडवेना.

मधल्या तीन दिवसांत तिला जे उमगलं ते तुम्हाला येण्याआधीच कळावं, म्हणून हे टिपण. डेक्कन-एरंडवण्याच्या पट्ट्यात तिकीट काढून बघण्यासारखं फार काही नाही. मोठी झाडं आहेत, शंभरीला पोचलेल्या संस्था आहेत आणि एक ठरलेलं घड्याळ आहे. ते घड्याळ सांभाळलंत की सुट्टी आपोआप होते.

आधी गल्ली ठरवा, मग घर

जाहिरातीतला "डेक्कन" हा शब्द फार सैल असतो. "डेक्कनपासून पाच मिनिटांवर" म्हणजे कधी कधी नदीपलीकडची पेठही निघते. पेठा छानच आहेत, पण तिथे सावली शोधावी लागते. म्हणून डोक्यात आधी नकाशा पक्का करा. दक्षिणेला कर्वे रस्ता, पूर्वेला फर्ग्युसन आणि जंगली महाराज रस्ता, पश्चिमेला लॉ कॉलेज रस्ता आणि त्याच्या पाठीशी टेकडी. या चौकटीत प्रभात रोड, भांडारकर रोड आणि बीएमसीसी रोड येतात. तुम्हाला राहायचंय ते इथे, आतल्या गल्ल्यांमध्ये.

रस्त्यांची नावं ऐकली तरी वस्तीचा स्वभाव कळतो. प्रभात फिल्म कंपनी १९३३ मध्ये कोल्हापूरहून इथे आली, तिच्यावरून प्रभात रोड. तिच्या स्टुडिओच्या जागेत १९६० पासून फिल्म इन्स्टिट्यूट आहे. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्था १९१७ ची, लॉ कॉलेज १९२४ चं, गोखले अर्थशास्त्र संस्था १९३० ची. तेव्हा हे सगळं गावाबाहेर होतं. नदी ओलांडून इथे बंगले बांधणाऱ्यांना पेठेतले लोक वेड्यात काढत, असं आमची आजी सांगायची.

घर निवडताना तीन गोष्टी तपासा.

पहिली, आवाज. कर्वे रस्त्यावर वरून मेट्रो आणि खालून अख्खं कोथरूड जातं. फर्ग्युसन रस्ता रात्री अकरापर्यंत जागा असतो. प्रभात रोड स्वतःही आता पूर्वीसारखा निवांत राहिलेला नाही. पण त्याच्या गल्ल्यांना क्रमांक आहेत आणि मुख्य रस्त्यापासून चार घरं आत शिरलं की आवाज पडतो. घरमालकांकडून गल्लीचा क्रमांक घ्या आणि घर रस्त्याच्या तोंडाशी आहे की आत, ते विचारा. रिक्षावालाही हाच क्रमांक विचारणार आहे.

दुसरी, शेजारचं बांधकाम. याची आठवण कुणी करून देत नाही. इथले जुने बंगले आणि तीन मजली सोसायट्या पाडून टॉवर बांधण्याचा सपाटा चालू आहे. दोन वर्षांपूर्वी आमच्या ओळखीच्या एका कुटुंबाने फोटोत आंब्याचं झाड बघून खोली घेतली. झाड होतं, पण पलीकडच्या प्लॉटवर सकाळी नऊपासून खडक फोडायचं यंत्रही होतं. म्हणून सरळ विचारा: "दोन्ही बाजूंना आणि समोर काम चालू आहे का?" उत्तर गुळमुळीत आलं तर दुसरं घर बघा.

तिसरी, पायी अंतर. नळ स्टॉप किंवा गरवारे कॉलेज मेट्रो स्टेशन, कमला नेहरू पार्क आणि टेकडीची वाट ही तिन्ही ठिकाणं पंधरा-वीस मिनिटांच्या चालीत हवीत. मुलं किंवा आजी-आजोबा बरोबर असतील तर पार्कच्या जवळचं घर घ्या. फक्त दोघंच असाल आणि पहाटे उठणारे असाल तर लॉ कॉलेज रस्त्याच्या बाजूचं.

पैसे देण्याआधी विचारायच्या गोष्टी

गुरुवारी पाणी आणि वीज यांचं काय, हे पहिलं विचारा. देखभालीच्या कामासाठी पुण्यात पाणी बंद ठेवायचं असलं की बहुधा गुरुवार धरतात, आणि वीजही त्याच दिवशी काही तास जाते. दुसऱ्या दिवशी पाणी येतं तेही कमी दाबाने. घराला पुरेशी टाकी असेल तर काळजी नाही, पण माहीत असलं की बुधवारी रात्री दोन बादल्या भरून ठेवता येतात. आमची बहीण गुरुवारी सकाळी डोक्याला शिकेकाई लावून बसली होती. पुढचं सांगत नाही.

स्वयंपाकघर वापरता येईल का, गॅस आहे की नुसती इंडक्शनची शेगडी, आणि मांसाहार शिजवलेला चालेल का, हे आधी मोकळेपणाने बोलून घ्या. कित्येक घरमालक खालच्याच मजल्यावर राहतात, त्यांचे नियम असतात आणि ते पाटीवर लिहिलेलेही असतात. पाटीचा सूर मनाला लावून घेऊ नका. "चपला ओळीत काढाव्यात, पायांना दिशा असते" असं लिहिणारे काकाच तुम्हाला संध्याकाळी गच्चीवर चहाला बोलावतील.

जिना किती पायऱ्यांचा आहे तेही विचारा. जुन्या बंगल्यांना लिफ्ट नसते आणि वरच्या मजल्याचा जिना बाहेरून, अरुंद, पावसात शेवाळलेला असा असतो. सोसायटीतलं घर असेल तर फाटक रात्री किती वाजता बंद होतं हे महत्त्वाचं, कारण नाटक संपायलाच साडेबारा होतात. ओळखपत्राच्या प्रती सगळ्यांच्या लागतील, त्या आधीच काढून आणा.

गाडी आणणार असाल तर ती ठेवायला आवारात जागा आहे का ते पक्कं करा. नसेल तर आणू नका. इथल्या बऱ्याच रस्त्यांवर पी-१, पी-२ अशा पाट्या असतात, म्हणजे सम तारखेला एका बाजूला आणि विषम तारखेला दुसऱ्या बाजूला गाडी लावायची. रात्री बारानंतर तारीख बदलते हे पाहुण्यांच्या लक्षात राहत नाही, पण गाडी उचलणाऱ्यांच्या राहतं.

कधी यावं

डिसेंबर ते फेब्रुवारी सगळ्यांना आवडतो. पहाटे स्वेटर, दुपारी ऊन कोवळं. शिवाय डिसेंबरात सवाई गंधर्व भीमसेन महोत्सव असतो, १९५३ पासून चालत आलेला. हल्ली तो मुकुंदनगरला होतो, म्हणजे या भागापासून थोडा लांब, पण त्या दिवसांत इथल्या प्रत्येक कट्ट्यावर काल रात्रीच्या गाण्याचाच विषय असतो. मात्र घरंही तेव्हाच भरतात, म्हणून दोन महिने आधी बघायला लागा.

माझं स्वतःचं मत विचाराल तर एप्रिलची अखेर. हो, पारा अडतीसच्या पुढे जातो. पण बहावा आणि ताम्हण तेव्हाच फुलतात, सोनमोहराच्या पाकळ्यांनी गल्ल्या पिवळ्या होतात आणि रात्री वारा सुटतो. दुपारी तसंही घरातच बसायचं आहे. पावसाळा संपता संपता आलात तर बुचाची फुलं पडतात. पहाटे त्यांचा वास आला की झाड शोधायला मान वर करावी लागत नाही, पायाखाली पांढरा सडा असतो.

जुलै-ऑगस्टमध्ये येणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं. खडकवासल्यातून पाणी सोडलं की भिडे पूल पाण्याखाली जातो आणि नदीपात्रातला रस्ता बंद होतो. मग सगळी वाहनं लकडी पुलावर येतात आणि पेठेत जायला वाहनापेक्षा पाय बरे. आषाढात ज्ञानोबा-तुकोबांच्या पालख्या फर्ग्युसन रस्त्याने, ज्ञानेश्वर पादुका चौकातून शहरात येतात. तो एक दिवस वाहतूक विसरा आणि रस्त्याच्या कडेला उभे राहा. गणपतीत यायचं असेल तर गर्दी आवडते अशी खात्री करून या. विसर्जन मिरवणुकीला डेक्कनकडचे पूल आणि रस्ते रात्रभर आणि दुसऱ्या दिवशीही अडलेले असतात.

पोचायचं कसं

पुणे स्टेशनला उतरलात तर मेट्रो सरळ आहे. वनाजकडे जाणारी गाडी पकडा. डेक्कन जिमखाना, गरवारे कॉलेज, नळ स्टॉप या क्रमाने स्टेशनं येतात, कुठेही बदलावं लागत नाही. डेक्कनचं स्टेशन नदीकाठी आहे, तिथून सामान ओढत प्रभात रोडला यायला दम लागतो, तेव्हा बॅगा असतील तर गरवारेला उतरा. साताऱ्या-कोल्हापूरकडून एसटीने स्वारगेटला आलात तर तिथून मेट्रो घेऊन सिव्हिल कोर्टला बदला. मुंबईहून द्रुतगती मार्गाने येणाऱ्या बसमधून चांदणी चौकात उतरून रिक्षा केलेली बरी, स्टेशनपर्यंत जाऊन उलटं येण्यात अर्धा दिवस मोडतो. लोहगाव विमानतळावरून टॅक्सीच करा.

पोचायची वेळ सकाळी अकराच्या आत किंवा संध्याकाळी पाचनंतरची ठेवा. कारण पुढे येतंच आहे.

सकाळ: साडेपाच ते दहा

दिवसाचा सगळा ऐवज या साडेचार तासांत आहे.

पहिल्याच दिवशी वेताळ टेकडीवर जा. लॉ कॉलेजच्या मागच्या बाजूने वाट चढते. नेहमीचे लोक पहाटेपासून जात असतात, त्यांच्यामागे निघालात तर चुकणार नाही. चढ वीस-पंचवीस मिनिटांचा, मधे खडकाळ, त्यामुळे बूट हवेत, सपाता नकोत. टेकडीचा माथा समुद्रसपाटीपासून साधारण आठशे मीटरवर, शहरात सगळ्यात उंच. वर वेताळाचं देऊळ आहे, जुन्या दगडखाणीत साचलेलं पाणी आहे, गवताळ माळ आहे आणि मोर आहेत. मोर दिसतीलच असं नाही, पण ऐकू येतातच.

टेकडी हा इथल्या लोकांचा जिव्हाळ्याचा विषय आहे. टेकडीतून रस्ता काढायच्या योजनेविरुद्ध याच मॉर्निंग वॉकवाल्यांनी मोर्चे काढलेत. तेव्हा प्लास्टिकची बाटली टाकू नका, कुत्र्यांना बिस्किटं घालू नका, मोबाइलवर मोठ्याने गाणी लावू नका. कुणी ना कुणी आजोबा थांबून बोलतील, आणि त्यांचं बरोबरच असेल. उन्हाळ्यात गवत वाळलेलं असतं, सिगारेट पेटवायचा विचारसुद्धा नको. अंधार पडल्यावर एकट्याने वर थांबू नये. संध्याकाळी गेलात तर अंधारायच्या आधीच खाली यायला लागा.

चढ झेपत नसेल त्यांनी कमला नेहरू पार्कात चार फेऱ्या माराव्यात. तिथल्या बाकांवर बसणाऱ्यांच्या जागा वर्षानुवर्षं ठरलेल्या आहेत. कोणी आलं आणि तुमच्याकडे बघत उभं राहिलं तर सरकून घ्या.

मग नाश्ता. फर्ग्युसन रस्त्यावरची वैशाली आणि रूपाली तुम्हाला माहीत असतील. रविवारी आठनंतर तिथे नाव सांगून ताटकळावं लागतं, म्हणून तिथे मंगळवारी किंवा बुधवारी सातला जा. इडली-सांबार, कॉफी, पेपर. वेटर बिल आणायची घाई करत नाही तोवर बसा. डेक्कनच्या गुडलक चौकाला ज्याचं नाव, तो कॅफे १९३५ चा, तिथे बन मस्का आणि चहा. झणझणीत हवं असेल तर कर्वे रस्त्यावर नळ स्टॉपजवळ मिसळ खा, पण दुपारपर्यंत टाळू नका, रस्सा संपतो. संतोष बेकरीचं पॅटिस गरम असताना रांग लागते. रांगेत उभ्या असलेल्या माणसाला "शेवटचे तुम्हीच का?" असं विचारून मगच मागे उभे राहा. नुसतं जाऊन उभं राहिलं तर चालतं, पण विचारलं की माणूस इथला वाटतो.

दही, दूध, भाजी, ब्रेड, जे काही घ्यायचं ते सगळं याच फेरीत घेऊन घरी या. आता कढीचं कळलं ना?

दुपार: एक ते चार

दुपारी एक ते चार या भागातली बरीच छोटी दुकानं मिटतात. बाहेरचे लोक यावर विनोद करतात, आणि आम्हीही करतो, पण मोठी दुकानं आता दुपारी उघडी ठेवू लागली असली तरी घरं अजून बंदच असतात. या वेळात कुणाकडे जाऊ नये, फोन करू नये, बेल तर मुळीच वाजवू नये.

जेवायला दोन रस्ते आहेत. आपटे रोडवर श्रेयस आणि आशा डायनिंग हॉल. साधं वरण-भात, कोशिंबीर, सणवार असेल तर पुरणपोळी. बाराला गेलात तर लगेच जागा मिळते, एकला गेलात तर थांबाल. दुसरा रस्ता पोळी-भाजी केंद्राचा, आणि आठ दिवस राहायचं असेल तर खरा तोच. सकाळी जाऊन पोळ्या आणि भाज्या सांगून ठेवायच्या, साडेबाराला डबा घेऊन जायचं. स्वतःचे डबे न्या. वरण-भाताचा कुकर तेवढा घरी लावला की झालं. घरमालकिणीला "जवळचं चांगलं केंद्र कुठलं?" असं विचारलंत तर ती दोन नावं सांगेल आणि तिसऱ्याबद्दल नाक मुरडेल. तिचं ऐका.

झोप येत नसेल तर याच वेळात संस्था बघून घ्या. भांडारकर संस्थेत महाभारताची चिकित्सक आवृत्ती तयार झाली. १९१९ मध्ये सुरू झालेलं काम १९६६ मध्ये हातावेगळं झालं. तिथल्या ऋग्वेदाच्या ३० हस्तलिखितांची युनेस्कोने २००७ मध्ये 'मेमरी ऑफ द वर्ल्ड' या नोंदवहीत नोंद केली. ही संग्रहालयासारखी फिरायची जागा नव्हे, लोक तिथे काम करत असतात. कामाच्या दिवशी आधी फोन करून, कशासाठी यायचंय ते सांगून जा. लॉ कॉलेज रस्त्यावरच राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे, १९६४ चं. तिथे चित्रपटांचे खेळ होतात, त्यांच्या फाटकावर चौकशी करा. फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये मात्र सहज शिरता येत नाही. 'प्रभात'चा स्टुडिओ बाहेरूनच बघावा लागेल अशी तयारी ठेवा.

भांडारकर रस्त्याने चालताना घरांवरचे निळे फलक वाचत जा. कोण कुठे राहत होतं ते महापालिकेने लिहून ठेवलंय. पु. ल. देशपांडे राहत ती 'मालती-माधव' याच रस्त्यावर आहे. फलकाचा फोटो काढा आणि पुढे चला. आत आता इतर कुटुंबं राहतात आणि त्यांचीही दुपार असते.

संध्याकाळ

पाचनंतर वस्ती पुन्हा जागी होते. पहिल्या संध्याकाळी काही ठरवू नका, फक्त गल्ल्यांतून चाला. एका गल्लीतून पेटी ऐकू येईल, दुसऱ्या गल्लीतून गाण्याच्या क्लासातले अलंकार, तिसरीतून बॅडमिंटनचे फटके.

नाटक मात्र एक तरी बघाच. जंगली महाराज रस्त्यावरचं बालगंधर्व रंगमंदिर १९६८ पासून आहे, आणि छत्रपती संभाजी उद्यान मेट्रो स्टेशन त्याच्या जवळच. बहुधा साडेबारा, साडेपाच आणि साडेनऊ अशा वेळा असतात. शनिवार-रविवारच्या मराठी पेपरात नाटकांच्या जाहिरातींचं अख्खं पान येतं. त्यात तारीख बघून तिकीट ॲपवर घ्या किंवा सरळ खिडकीवर जा. खिडकीवरचे काका "मागे घेऊ नका, मधला कोपरा घ्या" असं स्वतःहून सांगतात. कोथरूडचं यशवंतराव चव्हाण नाट्यगृह आणि पेठेतलं भरत नाट्य मंदिर हे आणखी दोन पर्याय. मध्यंतरातला बटाटेवडा हा नाटकाचाच भाग आहे, त्यासाठी पडदा पडायच्या आधी उठायचं नाही एवढंच.

साडेपाचच्या प्रयोगाला जाणार असाल तर तासभर आधी निघून पाताळेश्वर बघून घ्या. आठव्या शतकातली, एकाच खडकात कोरलेली लेणी, भर जंगली महाराज रस्त्यावर, आणि आत शिरलं की बाहेरचे हॉर्न ऐकू येत नाहीत.

पेठेत एक दिवस

तुळशीबाग, मंडई, केळकर संग्रहालय आणि शनिवारवाडा यांसाठी एकच सकाळ राखून ठेवा. मेट्रोने मंडईला उतरा, साडेदहाला सुरुवात करा, दीडपर्यंत परत या. फर्ग्युसन आणि जंगली महाराज हे दोन्ही रस्ते एकेरी असल्याने रिक्षा वळसा घेते. त्यात रिक्षावाल्याची लबाडी नसते. मीटर टाकायला सांगा आणि नाहीच टाकलं तर ॲपवरून बोलवा. भांडत बसून सुट्टीची सकाळ घालवू नका.

निघायच्या दिवशी

बाकरवडी शेवटच्या सकाळी घ्यायची ठरवू नका. चितळ्यांच्या दुकानात आदल्या संध्याकाळी जाऊन या. गुरुवारी निघणार असाल तर अंघोळी पाणी असताना उरकून घ्या. केंद्राचे डबे आणि दूधवाल्याचे पैसे आदल्या दिवशीच चुकते करा. आणि खोली सोडायची वेळ दुपारची असेल, तर किल्ली कुठे ठेवायची ते सकाळीच विचारून घ्या. आमच्या बहिणीला काकूंनी तुळशीवृंदावनामागचा कोनाडा दाखवला होता. दोन वाजता तिने तिथे किल्ली ठेवली, फाटकाची कडी आवाज न करता लावली आणि गल्लीच्या तोंडाशी जाऊन मगच रिक्षा बोलावली.